थप्पीतली वाट

आमच्या गोदामाचं कुलूप उलटं फिरतं. कोल्हापूरच्या शाहूपुरीतली ती पेढी अप्पांनी, माझ्या वडिलांनी, चाळीस वर्षं चालवली, पण कुलूप काही बदललं नाही. नवा माणूस उघडायला गेला की आधी दोन मिनिटं घाम गाळायचा, आणि मग अप्पा गादीवरून न उठता सांगायचे, "डावीकडं, पावणं, डावीकडं." या खेपेला सांगायला कुणी नव्हतं. मी किल्ली आधी उजवीकडंच फिरवली, स्वतःवर चिडलो आणि मग डावीकडं फिरवली.

अप्पा गेले त्याला वर्ष झालं. गोदाम विकलंय. घेणाऱ्याची माणसं पुढच्या आठवड्यात ताबा घेतील, त्याआधी पेढीतलं कपाट तेवढं रिकामं करायचं होतं. अर्ध्या दिवसाचं काम म्हणून मी पुण्याहून पहाटेच्या गाडीनं आलो. खालच्या खणात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. डब्यात वायरचे तुकडे, मूठ तुटलेलं भिंग आणि रुमालात गुंडाळलेलं एक वायरलेस कार्ड. पत्त्याच्या पानाएवढं, बोटभर लांब काळं टोक असलेलं. त्या टोकावर दोन इवलेसे दिवे. लॅपटॉपच्या कुशीतल्या खाचेत ते सरकवायचं, की टोक तेवढं बाहेर राही. हल्लीच्या मुलांना दाखवलं तर ती विचारतील, हे कशाचं झाकण आहे.

मी ते नाकाशी नेलं. नव्या कोऱ्या कार्डाला प्लास्टिकचा एक तिखट वास होता, तो कधीच उडून गेला होता. वास येत होता तो गुळाचा.

तो यायलाच हवा. आमच्या सगळ्या वस्तूंना यायचा. पुढं रस्त्यावर पेढी, पेढीच्या मागं गोदाम आणि गोदामाच्या मागं आमचं घर, असा सगळा संसार एका ओळीत. शाळेतून आलं की बाजूच्या बोळातून घरात जायचं सोडून मी गोदामातूनच जायचो. हिवाळ्यात बाहेर थंडी असायची आणि आत उबदार, किंचित जळका, ओला वास. गुळाच्या मोठ्या ढेपेला आमच्याकडं रवा म्हणतात. तीस किलोचा एक रवा, बारदानात शिवलेला. असे शेकडो रवे एकावर एक रचून माणसाच्या डोक्यावर जाईल अशी थप्पी लागायची. हमाल गेले की मी आणि अक्का त्या थप्पीवर चढून बसायचो. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. वर पत्र्याला डोकं टेकायचं, खाली मुंगळ्यांच्या रांगा चालायच्या. रवे मोजून अक्का मला पाढे शिकवायची आणि चुकलो की बारदानाची सुतळी ओढून मारायची. ते सगळं नव्वदीच्या सुरुवातीचं. गणिताची शिक्षिका व्हायची तिची तयारी माझ्या पाठीवर झाली, हे मी तिला अजून ऐकवतो.

मुंगळे तिला चावायचे नाहीत, मला चावायचे. या अन्यायाचं कारण मला आजवर कळलेलं नाही.

मोठी थप्पी लागायची मेच्या शेवटाला. पाऊस लागायच्या आत माल आत पाहिजे, म्हणून अप्पा चार दिवस कुणाशी धड बोलत नसत. शेवटचा रवा लागला की ते अंघोळ करून यायचे, पुढच्या रव्यावर भस्माचे तीन पट्टे ओढायचे, हात जोडायचे. त्यानंतर श्रावणातल्या पहिल्या सोमवारपर्यंत त्या थप्पीला कुणी हात लावायचा नाही. एकदा नेहमीचं गिऱ्हाईक भर पावसात ट्रक घेऊन दारात उभं राहिलं. अप्पांनी त्याला चहा पाजला, जेवू घातलं आणि दुसऱ्या व्यापाऱ्याकडं पाठवून दिलं. आजोबांपासूनची रीत होती ती. अप्पांनी आयुष्यात बऱ्याच जणांशी भांडण केलं, त्या पट्ट्यांशी केलं नाही.

अक्का पेठ वडगावच्या शाळेत लागली तेव्हा मी डिप्लोमाला होतो. सकाळच्या एसटीनं जायची, संध्याकाळी वह्यांची पिशवी घेऊन यायची. शाळेत पुस्तकी मराठी बोलायची आणि घरात पाऊल टाकलं की कोल्हापूरच्या सगळ्या बायकांसारखी "आलो मी, पाणी द्या" म्हणायची. वर्गातल्या पोरांच्या गोष्टी जेवताना सांगायची. आम्हाला ती पोरं नावानिशी पाठ झाली होती.

दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. संक्रांतीच्या आसपास तिची पाठ दुखायला लागली. आधी वह्यांच्या ओझ्यानं असेल म्हणून तेल चोळलं. मग एक दिवस एसटीतून तिला दोघींनी धरून उतरवलं. डॉक्टर म्हणाले, मणक्याचा क्षय. औषधं वर्षभर, आणि सहा-आठ महिने फळीवर उताणं झोपून राहायचं. गोदामाला लागून असलेल्या मागच्या खोलीत तिची फळी टाकली. दहावी ब, छत्तीस पोरं, परीक्षा सहा आठवड्यांवर. शाळेनं बदली शिक्षक शोधला, तो आठ दिवस येऊन गेला. भूमितीचा शेवटचा भाग पोरांनी आपला आपणच वाचला.

त्या दिवसांत अक्काला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल तर आमच्या गोड बोलण्याचा. कोल्हापुरात माणूस धड बोलायला लागला की समजावं, काहीतरी बिघडलंय. अव्वा, म्हणजे आमची आई, तिच्यावर ओरडेना. शेजारणी "बरी दिसतीस की गं" म्हणून जायच्या आणि बोळात डोळे पुसायच्या. मी तिच्याशी भांडणं सोडून दिलं होतं. डॉक्टरांनी पुन्हा उभं राहून शिकवण्याबद्दल जे सांगितलं, त्यातलं अर्धंच आम्ही तिला सांगितलं. ती गणिताची बाई. उरलेलं अर्धं तिनं काढलं.

मार्चमध्ये एका दुपारी तिनं अप्पांच्या हातात एक पाकीट दिलं. मी तिथंच होतो.

"टपालात टाका, अप्पा."

"काय हाय?"

"राजीनामा. शाळेचा."

उताणं झोपून लिहिताना पेन चालत नाही, शाई खाली येत नाही. म्हणून तिनं तो शिसपेन्सिलीनं लिहिला होता. अप्पांनी पाकीट या हातातून त्या हातात घेतलं.

"निकाल लागू दे की," ते म्हणाले.

"निकालानं काय हुतंय? अर्ध्यात सोडून आलो मी पोरांना. मास्तरणीनं वर्ग अर्ध्यात सोडायचा नसतोय."

"निकाल लागू दे."

अक्का पत्र्याकडं बघत म्हणाली, "बरं. गणितात पोरं पडली तर त्याच दिवशी टाकायचं. आणि निकाल मी माझ्या डोळ्यानं बघणार. तुम्ही सांगू नका. तुम्ही सगळी हल्ली माझ्याशी खोटं बोलताय."

अप्पा पाकीट घेऊन गोदामातून पेढीवर गेले. तेव्हा दहावीचा निकाल इंटरनेटवर यायला लागला होता. निकालाच्या दिवशी नेट कॅफेंच्या दारात पोरं, आया, मामा, सगळे उभे. आमच्या पेढीवर भाव बघण्यासाठी ब्रॉडबँड आलं होतं. पण अक्काला पेढीवर न्यायचं म्हणजे उठवायचं, आणि उठवायला बंदी. तेव्हा इंटरनेट तिच्यापर्यंत न्यायचं, हे ओघानंच आलं, आणि घरातला इंजिनियर म्हणून ते माझ्या गळ्यात आलं.

आधी मी सरळ वायर टाकली. गोदामाच्या भिंतीला खिळे मारून मागच्या खोलीपर्यंत. तिसऱ्या दिवशी घुशींनी तोडली. दुसरी वायर उंचावरून नेली, तीही तोडली. गुळाच्या गोदामातल्या घुशी म्हणजे खात्यापित्या घरच्या. त्यांना वायर पोट भरायला लागत नसे, दातांच्या करमणुकीला लागे. मग मी पेढीत फळीवर ठेवायला वायरलेसचा डबा आणि लॅपटॉपसाठी हे कार्ड, असं दोन्ही पुण्याच्या मित्राकडून मागवलं.

लॅपटॉप माझा, जुना, दुसऱ्याचा वापरून झालेला. त्यात मी विंडोजऐवजी लिनक्स घातलं होतं. त्या वयात माणसाला एखादा पंथ लागतोच. कुणी व्यायामशाळेत जातो, कुणी नाटकात. मला लिनक्स लागलं. मी घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो की हे फुकट आहे, खुलं आहे, जगभरातल्या माणसांनी मिळून केलंय. अव्वाला वाटायचं मी एखाद्या सहकारी संस्थेत नाव घातलंय. कार्डाच्या खोक्यात सीडी होती, पण ती विंडोजवाल्यांसाठी. लिनक्सवाल्यांसाठी त्या खोक्यात काहीच नव्हतं, शुभेच्छासुद्धा नव्हत्या.

कार्ड खाचेत सरकवलं. संगणकाला ते दिसत होतं, त्याचं नावही तो दाखवत होता, पण दोघांचं बोलणं होईना. हे बोलणं जो करून देतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. शेतकरी आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये अडत्या लागतो तसाच. आमच्या सात पिढ्या अडत्यांच्या, आणि माझ्या कार्डाला अडत्या मिळेना.

एप्रिल आणि अर्धा मे त्यात गेला. मी पेढीवरच्या संगणकावर शोधायचो, सापडलेलं कागदावर उतरवायचो, गोदामातून मागच्या खोलीत जायचो आणि अक्काच्या उशाशी बसून तो मंत्र टाइप करायचो. मंत्र खोटा पडला की परत गोदामातून पेढीवर. दिवसाला वीस फेऱ्या व्हायच्या. त्या हंगामाचा शेवटचा माल उचलला गेला होता, गोदाम रिकामं होतं, माझ्या चपलांचा आवाज घुमायचा. येताना जाताना पत्र्याच्या भोकांतून पडलेले उन्हाचे रुपये तुडवत जायचं. आता आठवतं तेव्हा त्या फेऱ्या मला त्रासाच्या वाटत नाहीत. पंचविशीतल्या माणसाला दिवसातून वीस वेळा कुणीतरी "झालं का रं, तम्मा?" म्हणून विचारणं, यापेक्षा जास्त काही मिळत नसतं. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. आमच्या घरात, सीमेकडचं घर म्हणून, कानडीतली नाती तेवढी राहिली आहेत.

एकदा ती म्हणाली, "दुसऱ्यांच्यात असतंय ते विंडोज टाक की त्यात."

मी तिला मोकळ्या सॉफ्टवेअरवर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुझं स्वातंत्र्य ऱ्हाऊ दे. मला माझी पोरं बघायचीत."

मला राग आला. खरं तर लाज वाटली पाहिजे होती. तिच्या निकालापेक्षा मला माझं म्हणणं खरं करून दाखवायचं होतं, हे मी आज कबूल करतो. तेव्हा केलं नाही.

पण शेवटी मार्ग तिनंच काढला. "तू चुका नीट लिहीत न्हाईस," ती म्हणाली. "वर्गातली ढ पोरं असंच करत्यात. चुकलं की खोडायचं आन् पुन्हा तसंच करायचं." मग तिनं एक वही केली. कोणता मंत्र टाकला, संगणक काय म्हणाला, सगळं ती उताणी पडल्या पडल्या पेन्सिलीनं उतरवायची. त्या वहीतलं एक पान जसंच्या तसं मी इंटरनेटवरच्या एका चर्चेच्या फळ्यावर टाकलं. दोन दिवसांनी कुठल्या तरी देशातल्या अनोळखी माणसाचं उत्तर आलं. तुमचं कार्ड नावाला तेच आहे, पण कंपनी आतला तुकडा मधूनच बदलते. मागच्या बाजूला बारीक अक्षरात आवृत्ती लिहिलेली असेल, ती वाचा.

ती अक्षरं इतकी बारीक की मला वाचता येईनात. अप्पांचं भिंग आणलं. अक्कानं कार्ड डोळ्यांवर धरलं आणि वाचलं, "तीन." आम्ही महिनाभर दोन धरून चाललो होतो. सीडीवर तिसऱ्या आवृत्तीची वेगळी फाईल होतीच. विंडोजची ती फाईल लिनक्सकडून चालवून घेण्याची एक युक्ती निघाली होती, ती केली. खोलीत अव्वा भाकरी घेऊन आली होती. कार्डाच्या टोकावरचा एक दिवा लागला, मग दुसरा लुकलुकायला लागला.

"हिरवा हाय," अक्का म्हणाली. दोनदा म्हणाली.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस त्या खोलीला खिडकी फुटल्यासारखे गेले. अप्पांचं पेढीवरचं उतरतं डेस्क तिच्या पोटावर आडवं ठेवायचं, त्यावर लॅपटॉप. तिनं शाळेतल्या बाईंना पत्र पाठवलं. कुठल्या कुठल्या देशातल्या शाळांचे फळे बघितले. मला जिथं कळायचं नाही तिथं पण ती मोठ्यानं वाचून दाखवायची. एक दिवस ती माझ्यावर वस्सकन ओरडली, डेस्क तिरकं ठेवलं म्हणून. अव्वा स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारात उभी राहून हसायला लागली.

मग मेचा शेवट आला. निकालाची तारीख जाहीर झाली, आणि निकालाच्या चार दिवस आधी सकाळी दिवा लागला, पण लुकलुकेना.

आदल्या संध्याकाळीच मी हौसेनं लॅपटॉपमधलं लिनक्स नवं करून घेतलं होतं. त्यामुळं दोष कुणाचा, याबद्दल मला शंकाच नव्हती. तीन दिवस मी सगळं उचकटत होतो. जुनं परत घातलं, ड्रायव्हर काढला, पुन्हा बसवला, वहीतलं पान न् पान पुन्हा केलं. कार्डाचा दिवा लागायचा आणि तसाच राहायचा. लॅपटॉप पेढीवर नेला की मात्र मुकाट्यानं चालायचा. खोलीत आणला की बंद. मी म्हटलं, खोलीतली हवा गरम आहे, कार्ड तापतंय. ओल्या फडक्यानं पुसलं. माझ्या इंजिनियरिंगचा त्या तीन दिवसांत एवढाच उपयोग झाला.

चौथ्या दिवशी, म्हणजे निकालाच्या आदल्या दिवशी दुपारी, मी पेढीच्या पायरीवर डोकं धरून बसलो होतो. हमालांचे मुकादम महादूमामा तंबाखू मळत शेजारी बसले.

"कुठनं येतंय ते तुझं?"

"त्या डब्यातनं. फळीवरच्या."

"आन् जातंय कुठं?"

"अक्काच्या खोलीत."

"मग मदी भित्ताड उभं केलंय की आम्ही," मामा म्हणाले. "जाईल कसं?"

मी त्यांना समजावून सांगितलं की मामा, या लहरी असतात, त्या भिंतीतून आरपार जातात, त्यांना थप्पीचं काय. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला. थप्पी कधी लागली? चार दिवसांपूर्वी. शेकडो रवे, भिंतीपासून भिंतीपर्यंत. गूळ म्हणजे घट्ट झालेला रस. विटेची भिंत ओलांडणाऱ्या लहरी त्या ओलसर, जाड, गच्च गुळात जिरून जात होत्या. मी लॅपटॉप घेऊन बोळातून थप्पीच्या मागं गेलो, पुढं आलो, वर चढलो. संशयाला जागा राहिली नाही. गुळाच्या घरात जन्मलेला इंजिनियर, आणि त्याला गूळ दिसला नाही.

थप्पीच्या पुढच्या रव्यावर भस्माचे तीन पट्टे कोरडे, पांढरे दिसत होते.

नवी वायर टाकावी तर थप्पी लागल्यापासून माजलेल्या घुशींनी ती एक रात्रही ठेवली नसती. मी अक्काला जाऊन सांगितलं. "अप्पांना सांगू नको," ती म्हणाली. "थप्पी हलवायची नसती. त्यांना न्हाय म्हणताना वाईट वाटंल." आणि मग भिंतीकडं मान वळवून, "ऱ्हाऊ दे. तू कागदावर उतरून आण. मी इस्वास ठेवतो." तिनं तसं म्हटलं आणि मला रडू आलं. ती आता आमच्याशी गोड बोलत होती.

अप्पांना मी काही सांगितलं नाही. पण पेढीच्या पायरीवरचं बोलणं गादीवर ऐकू जातं. जेवताना त्यांनी ताटाकडं बघत विचारलं, "किती लागंल?"

"काय?"

"वाट. किती रुंद?"

मला नीट माहीत नव्हतं. "एका रव्याएवढी," मी म्हटलं. "या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत."

ते भाकरी मोडत राहिले.

सकाळी सात वाजता सहा हमाल दारात होते. अप्पा अंघोळ करून आले होते. त्यांनी ओल्या हातानं भस्माचे पट्टे पुसले, आणि पहिला रवा स्वतः उचलायला वाकले. साठी उलटलेला माणूस, तीस किलो. महादूमामांनी दुसरं टोक धरलं. बाहेर आभाळ भरून आलं होतं, माल उघड्यावर ठेवायची सोय नव्हती, म्हणून काढलेले रवे पेढीत रचले. अप्पांच्या गादीवर, तक्क्यावर, जिथं जागा मिळेल तिथं. अप्पा दारात स्टूल टाकून बसले. रस्त्यावरचे व्यापारी थांबून बघत होते. एकानं विचारलं, "काय हो, थप्पी फोडली?" अप्पा म्हणाले, "फोडली." एवढंच.

मी त्यांच्या जवळ गेलो. "अप्पा, आजोबांची रीत..."

"रवं परत लावता येत्यात," ते म्हणाले. माझ्याकडं न बघता.

अकरा वाजता थप्पीच्या मधोमध एक सरळ फट तयार झाली. पेढीकडून बघितलं तर पार मागची भिंत दिसत होती. खोलीतून अव्वाची हाक आली, "लुकलुकतंय म्हणं की रं."

निकाल दुपारी एकला. अक्कानं छत्तीस नंबर वहीत ओळीनं लिहून ठेवले होते. कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. आम्ही दारात उभे, आणि अप्पा गोदामाच्या आत, फटीच्या तोंडाशी. एकेक नंबर ती टाकायची, पान उघडायला युग लागायचं, मग पेन्सिलीची एक खूण. कधी कधी पान अर्ध्यातच अडकायचं आणि ती परत पहिल्यापासून नंबर टाकायची. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. परीक्षेच्या हॉलमध्ये फिरताना ती असाच चेहरा ठेवत असणार. तीन वाजून गेले. शेवटच्या नंबरावर तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"चौतीस पास," ती म्हणाली. "एक इंग्रजीत गेलाय. एक गणितात गेलीय."

गणितात एक, म्हणजे काय धरायचं ते आम्हाला कळेना.

"त्या एकीला मी ओळखतो," अक्का म्हणाली. "प्रमेय पाठ करती, समजून घेत न्हाई. तिला ऑक्टोबरला बसवाय पायजे. दिवाळीपर्यंत मी उठतोय, मग शाळेत मला बसून तरी शिकवता येईल. तोवर झोपूनच शिकवतो. तम्मा, तिला सांगावा धाड, रविवारी हितं यायचं म्हणून." आणि मग थोड्या वेळानं, "अप्पा, ते पाकीट द्या हिकडं."

भिंतीपलीकडून अप्पांचा आवाज आला. "कुठलं पाकीट?"

"राजीनाम्याचं."

"ते व्हय. घुशींनी खाल्लं की कवाच."

ते पाकीट आज या डब्यात, कार्डाच्या खाली, सापडलं. शिसपेन्सिलीचा पत्ता पुसट झालाय. कुठंही दाताची खूण नाही.

अक्का दिवाळीत उठली. आधी काठीनं, मग बिनकाठीनं. ती पोरगी ऑक्टोबरला गणितात सुटली. मी पुण्याला नोकरीला गेलो, जाताना लॅपटॉप नेला. पावसाळ्यात, थप्पीच्या दिवसांत, माझं येणं कधी झालं नाही, आणि अक्काची ये-जा बोळातून. पुढच्या उन्हाळ्यात अप्पांनी गोदामाची उखडलेली फरशी काढून नवी शहाबादी घातली, त्यासाठी मी सुट्टी घेऊन आलो होतो म्हणून लक्षात आहे. मग अक्काचं लग्न झालं, ती पेठ वडगावलाच राहायला गेली. आता मुख्याध्यापिका आहे. मोबाईल आले, आणि निकाल एसटीत बसून बघता यायला लागला.

कपाट आवरून मी आत, गोदामात गेलो. दोन्ही दारं उघडी होती. त्या नव्या फरशीनंतर पहिल्यांदाच मी ते पूर्ण रिकामं आणि धुतलेलं बघत होतो, आणि तिथंच थांबलो. पावसाळ्यात गूळ पाझरतो, त्यानं फरशी काळी पडते, कितीही धुतली तरी. सगळी फरशी काळी पडली होती. फक्त मधोमध, पेढीच्या भिंतीपासून घराच्या भिंतीपर्यंत, एक सरळ पट्टा होता, एक रवा रुंद. तो नव्या फरशीसारखा निळसर होता.

ही फरशी त्या निकालाच्या नंतरची. मी तिथं उभा राहून ते दोनदा तपासून बघितलं.

महादूमामा कपाट उचलायला माणूस घेऊन आले होते. आता ते वाकलेत, दातही नाहीत. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी माझ्या नजरेकडं बघितलं.

"दर साली," ते म्हणाले. "थप्पी लावताना हितं उभं ऱ्हायचं. एक रवा सुदीक लावू द्यायचं न्हाईत. आम्ही म्हणायचो, मालक, अक्का चालाय लागली, लगीन झालं, आता कशाला? तर म्हणायचं, पोरीची वाट हाय ती. कवा लागंल सांगता येतंय व्हय?"

"आणि भस्म?"

"दोन्हीकडं लावायचं. वाटंच्या ह्या अंगाला तीन पट्टं, त्या अंगाला तीन."

मी अक्काला फोन केला. नीट सांगता आलं नाही, भलतीकडूनच सुरुवात केली. मी संपवल्यावर ती म्हणाली, "दार लावू नको. येतो मी."

दीड तासानं ती रिक्षातून उतरली. केस पांढरे झालेत, पाठ अजूनही जरा ताठ धरते. दाराशी चपला काढल्या. माझ्याकडं बघितलं नाही, महादूमामांना तेवढा नमस्कार केला. पेढीच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली आणि त्या निळसर पट्ट्यावरून चालायला लागली. सावकाश, पावलाला पाऊल लावत, मोजत. लहानपणी रवे मोजताना हलायचे तसे तिचे ओठ हलत होते. मागच्या भिंतीपाशी पोचली, भिंतीला हात लावला, तिथंच तिची फळी असायची पलीकडं. बराच वेळ हात तसाच ठेवून उभी होती.

मग वळली.

"एकसारखी हाय की रं, तम्मा," ती म्हणाली. "कुठं बोटभर कमी न्हाय."